३८,४१२ किमी : पोर्शे ९४४ परत रस्त्यावर आणायच्या नोंदी

१३ जानेवारी २०२४

गाडी घेतली. घरी सांगून गेलो होतो की नुसती बघून येतो, आणि संध्याकाळी माझ्या मागोमाग फ्लॅटबेड आला. बायकोने खिडकीतून बघितलं आणि पडदा ओढून घेतला.

१९८६ची पोर्शे ९४४. साधी वाली, टर्बो नाही. २४७९ सीसी, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, पाच गिअर, इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे. मीटरवर ३८,४१२ किमी. ज्यांची होती ते काका आता नाहीत, त्यांची मुलगी विकत होती, २००३ नंतर गाडी शेडमधून हललीच नाही म्हणाली. "बाबा कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. तुम्ही चालवणार ना नक्की, की पार्ट काढून विकणार?" मी म्हटलं ताई, चालवणार. त्यावर त्यांनी किंमत थोडी कमी केली, मग मला उगाच अपराधी वाटायला लागलं कारण तोपर्यंत गाडी चालेल की नाही मलाच माहीत नव्हतं.

काय काय बघितलं ते लिहून ठेवतो. बॉडी गॅल्व्हनाइज्ड असल्यामुळे खालून टॉर्च मारून फिरलो तरी गंज जवळपास नाहीच, फक्त बॅटरीखालचा ट्रे खाल्लेला आहे, तो या गाड्यांचा नेहमीचा प्रकार, बॅटरीचं अ‍ॅसिड झिरपतं आणि पत्रा जातो. मागच्या मोठ्या काचेचं चिकटवण एका कोपऱ्यात सुटलंय. डॅशबोर्डला दोन चिरा. पण पेडलच्या रबरांच्या कडा अजून शाबूत, ड्रायव्हर सीटची बाजूची गादी बसलेली नाही, स्टिअरिंगचं लेदर गुळगुळीत झालेलं नाही. ३८ हजार पटण्यासारखे. सर्व्हिस बुकात शेवटचा शिक्का १९९५चा, ३६,९०० किमी, "टायमिंग बेल्ट बदलला" असं हाताने लिहिलेलं. सोबत एक कापडी पिशवी मिळाली, त्यात जॅक, व्हील पाना, जादा किल्ली आणि एक बारकी वही. वही उघडून बघितली तर पेट्रोलचा हिशोब, परत ठेवली.

सेल्फ मारायचा मोह सगळ्यांना होतो, ताईंच्या शेजाऱ्यांनाही झाला, "बॅटरी लावून बघा ना एकदा" म्हणत होते. नाही म्हणजे नाही. वीस वर्षं उभं असलेलं इंजिन असं फिरवत नाहीत.

२० जानेवारी

प्लग काढले, चारही सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडलं आणि आठवडाभर तसंच ठेवलं होतं. या इंजिनच्या सिलिंडरना आतून लोखंडी लायनर म्हणजे अस्तर नाही, ब्लॉक अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉनचा आणि पिस्टन थेट त्याच्यावरच घासतात, त्यामुळे कोरडं फिरवून सिलिंडरच्या आतल्या भिंतीला ओरखडा पडला तर नुसतं होनिंग म्हणजे घासून काम भागत नाही. म्हणून घाई नको.

आज क्रँकच्या बोल्टला २४चं सॉकेट लावून हाताने फिरवलं. आधी काहीच नाही. मग पान्याला जरा जोर दिला, मऊसा एक झटका बसला आणि फिरलं. दोन पूर्ण फेरे, कुठे अडकलं नाही. मी आणि मित्र दोघं बोनेटखाली डोकं घालून उभे होतो आणि कुणीच काही बोललं नाही, मग तो म्हणाला "झालं की मग, लाव बॅटरी". त्याला हाकलून दिलं.

एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घर. रिकामं, पण प्रशस्त.

३ फेब्रुवारी

पेट्रोल. टाकी ८० लिटरची, प्लास्टिकची आहे म्हणून आत गंज नाही हे नशीब, कारण जुन्या ९४४ला पत्र्याची टाकी यायची. आत साधारण वीस लिटर जे काही होतं त्याला पेट्रोल म्हणवत नाही, रंग गडद आणि वास जुन्या वॉर्निशसारखा. टाकीच्या तोंडाशी जाळी असते ती काढली तर पूर्ण बुजलेली. पंप फिरतोय पण आवाज करतोय, बदलला. टाकीपासून इंजिनपर्यंतचे सगळे रबरी होज बदलले, बोनेटखालचे तर आधी, कारण ते फुटले की पेट्रोल थेट गरम इंजिनवर उडतं आणि या गाड्या जळायचं ते एक ठरलेलं कारण आहे. जुना होज बोटात वाकवला तर बिस्किटासारखा मोडला.

चारही इंजेक्टर साफ करायला दिले. परत आले तेव्हा सोबत आधीचा आणि नंतरचा फवारा मोजलेला कागद होता, तीन नंबरचा आधी जवळजवळ बंदच होता.

१७ फेब्रुवारी

ब्रेक. मागचे दोन्ही कॅलिपर जाम, पुढचा एक जाम. सीलचे किट टाकले, चारही लवचिक होज नवीन, फ्लुइड डॉट ४. क्लचचं फ्लुइड पण त्याच डब्यातून जातं त्यामुळे तेही काम सोबतच उरकलं, स्लेव्ह सिलिंडर गळत होता तो नवीन. डिस्क मोजल्या, त्यांच्यावरच कमीत कमी जाडी कोरलेली असते, तिच्यापासून बऱ्यापैकी वर आहेत.

टायरची तारीख बघून हसू आलं. २००० सालापासून टायरवर तारीख चार आकडी असते, त्याआधी तीन. माझ्या चारही टायरवर तीन आकडे आणि बाजूला छोटा त्रिकोण, म्हणजे नव्वदचं दशक, १९९८. खाचा मस्त खोल आहेत, दिसायला नवीनच, आणि बाजूला बारीक भेगांचं जाळं. गाडी ढकलायला ठीक, चालवायला अजिबात नाही. २१५/६०-१५ मागवले.

२ मार्च

आता बेल्ट. यावर मित्राशी वाद झाला. त्याचं म्हणणं, "अरे शिक्का आहे ना पुस्तकात, ३६,९००ला बदललाय, आता ३८,४१२, म्हणजे दीड हजारच चाललाय तो बेल्ट. कशाला खोलतोस सगळं?" हिशोब बरोबर होता त्याचा. पण बेल्ट रबराचा आहे, त्याला कॅलेंडर कळतं, आणि या इंजिनमध्ये बेल्ट तुटला किंवा दोन दात जरी सरकला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. लोक तो तीन-चार वर्षांत बदलतात, गाडी किती का चाललेली असेना. हा एकोणतीस वर्षांचा.

खोललं. दोन बेल्ट आहेत. एक कॅमशाफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, तोच टायमिंग बेल्ट, त्याच्यावरच वॉटर पंप. दुसरा बॅलन्स शाफ्टचा, त्याला दोन्ही बाजूंनी दात, कारण दोन शाफ्टपैकी एकाला उलटं फिरवायचं असतं. अडीच लिटरचं चार सिलिंडर इंजिन म्हणजे एकेक पिस्टन १०० मिमीचा, मुळात थरथरणारच, म्हणून दोन शाफ्ट क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरवून ती थरथर मारायची. ही आयडिया मित्सुबिशीची, पोर्शेने लायसन्स घेऊन वापरली.

कव्हर काढलं तर आत सगळं तेलकट. क्रँकचं सील, कॅमचं सील, दोन्ही बॅलन्स शाफ्टची सील, सगळीकडून पाझरतंय. बेल्ट उलटा वाकवून बघितला तर दातांच्या बुडाशी भेगा, आणि एका ठिकाणी दात नखाने हलला. मित्राला फोटो पाठवला. त्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं, एवढंच.

खरं सांगायचं तर फोटो बघताना मलाही एक प्रश्न पडला होता. दीड हजार किमीत बेल्टच्या कडा एवढ्या चकचकीत घासतात का? म्हटलं वय असेल, आणि पुढे गेलो.

१६ मार्च

वॉटर पंप, सगळे रोलर, सगळी सील, दोन्ही बेल्ट, थर्मोस्टॅट. ऑइल कूलरची सील पण टाकून घेतली कारण ती कडक झाली की ऑइल आणि पाणी एकमेकांत जातं आणि मग धूत बसा. क्रँकचा बोल्ट २१० न्यूटन मीटर, फ्लायव्हीलला लॉक लावून, मी पान्यावर आणि मित्र गाडी धरून, जणू काही गाडी पळून जाणार होती.

टायमिंग जुळवायला बेलहाउसिंगच्या, म्हणजे फ्लायव्हीलभोवतीच्या कवचाच्या, खिडकीतून फ्लायव्हीलवरची खूण बघायची आणि वर डिस्ट्रिब्युटरचं झाकण आणि रोटर काढून कॅमच्या पुलीची खूण कव्हरच्या खाचेसमोर आणायची. हाताने दोन फेरे फिरवून परत बघितलं. परत दोन. परत दोन. मोजून सहा वेळा. बॅलन्सच्या बेल्टला ताण कमीच ठेवायचा, त्याचा तो आयडलर रोलर बेल्टला टेकता कामा नये, मधे अर्धा मिलिमीटर फट, जास्त ओढला की किंचाळतो.

३० मार्च

सुरू झाली!!

सहज नाही झाली. आधी प्लग काढून सेल्फ मारला, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. मग कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजला, ११.५, ११.८, ११.४ आणि चार नंबरला ९.६ बार. चार नंबरची रिंग चिकटली असेल, चालली की सुटेल अशी आशा. प्लग लावले, सेल्फ मारला, काही नाही. पेट्रोल येतंय, ठिणगी नाही.

इथे एक सोपी युक्ती आहे, सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघायचा. तो थोडा तरी उडाला पाहिजे. माझा मेल्यासारखा. म्हणजे फ्लायव्हीलजवळ दोन सेन्सर असतात त्यातलं काहीतरी गेलं. सेन्सरचा कनेक्टर ओढायला गेलो तर त्याचं प्लास्टिक हातात भुगा होऊन आलं. नवीन सेन्सर, नवीन कनेक्टर, ०.८ मिमी फट. काटा उडायला लागला, तरीही चालू होईना. मग रिले. डीएमई रिले म्हणतात त्याला, पंप आणि इंजेक्शनच्या कॉम्प्युटरला करंट हाच देतो, उघडून भिंगाखाली धरला तर एका सोल्डरभोवती केसाएवढी गोल चीर. सोल्डर नव्याने मारला, पाच मिनिटांचं काम.

पुढच्या सेल्फला दोन फटाके, पांढरा धूर, आणि मग चालली. टॅपेट मिनिटभर कडकड वाजले, ऑइल पोचल्यावर गप्प झाले. बायको बाहेर आली, धूर बघून आत गेली, मग फोन घेऊन परत आली व्हिडिओ काढायला.

१४ एप्रिल

थरथरतेय.

आयडलला ठीक, पण रेस दिली की आरसा दोन-दोन दिसतो आणि गिअरच्या दांड्यातून हाताला मुंग्या येतात. आधी इंजिन माउंटवर संशय, ते तपासले, बरे आहेत. मग इग्निशन. मग वायरी अदलाबदल. दोन शनिवार यात गेले.

शेवटी कव्हर परत काढलं. सगळ्या खुणा जागेवर. डोकं बधिर झालं, खाली बसलो आणि तसाच टॉर्च मारून खालच्या बॅलन्स पुलीकडे बघत राहिलो. पुलीला चावी (शाफ्टवर पुली अडकवणारी छोटी पट्टी) बसायच्या दोन खाचा असतात, एकावर ओ आणि एकावर यू. जर्मन अक्षरं, ओबेन म्हणजे वर, उन्टेन म्हणजे खाली. एकच पुली दोन्हीकडे चालावी म्हणून तसं केलंय. सील बदलताना मी दोन्ही पुली काढल्या होत्या, आणि खालची लावताना ओच्या खाचेत लावली. त्यामुळे बाहेरची खूण जुळते, कारण खूण पुलीवर आहे, पण आतलं वजन भलतीकडे, कारण वजन शाफ्टवर आहे. सहा वेळा तपासलं होतं मी, आणि सहाही वेळा चुकीचीच गोष्ट तपासली.

पुली काढून यूमध्ये लावली. आता साडेचार हजार आरपीएमला आरसा स्थिर. मित्राला फक्त "बॅलन्स बेल्ट होता" एवढंच सांगितलं.

२७ एप्रिल

नवीन टायर, पहिली फेरी. किती चांगली चालते याबद्दल लिहायला बसलो तर नोंद कधी संपणार नाही, एवढंच लिहितो की वळणात ती कुठेच डोकं खुपसत नाही, वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं असल्याचं सीटमधून कळतं. तापमान मधोमध, ऑइल प्रेशर गरम झाल्यावर चार हजार आरपीएमला चार बारच्या आसपास. क्लच सोडताना मागे कुठेतरी ठक्क होतं, क्लच प्लेटच्या मधे रबर आहे ते म्हातारं झालंय बहुतेक. ते काम नको, एक्झॉस्ट, गिअरबॉक्स, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा मधला टॉर्क ट्यूब सगळं मागे सरकवावं लागतं.

घरी येऊन माझ्या नोंदीत लिहायला मीटर बघितलं.

३८,४१२.

सात किलोमीटर तरी फिरलो होतो. स्पीडचा काटा पूर्ण वेळ व्यवस्थित चालत होता, आकडे जागचे हलले नाहीत. दोन मिनिटं गाडीतच बसून राहिलो.

११ मे

मीटर काढलं. आत एक छोटंसं प्लास्टिकचं गिअर असतं, मोटरवरून आकड्यांना फिरवणारं, ते दातं-बितं सगळं भुगा. या जमान्याच्या बऱ्याच गाड्यांमध्ये हे होतं, प्लास्टिक म्हातारं होतं, कुणाला दोष देणार. आणि काटा वेगळ्या रस्त्याने चालत असल्यामुळे चालवणाऱ्याला कळत पण नाही पटकन. गिअर छोटी गोष्ट, मिळालं, लावलं. प्रश्न तो नव्हता. प्रश्न हा की आकडा कधी थांबला. विकत घेताना जे जे बघून मी खूश झालो होतो, पेडल, गादी, लेदर, त्या सगळ्यावरून मन उडालं. ३८ असेल, १३८ पण असेल.

ताईंना फोन करणार होतो. पण काय विचारणार, त्यांनी मीटरवर होतं ते सांगितलं.

मग रात्री ती वही आठवली.

काकांनी प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की एक ओळ लिहिलीय. तारीख, लिटर, मीटरचा आकडा, आणि शेवटी बारीक अक्षरात लिटरला किती किमी पडले. पहिल्या पानापासून शिस्तीत, दहाच्या आसपास, कधी ९.७, कधी १०.४. मग १९९६च्या ऑगस्टमध्ये ३८,४१२. पुढच्या ओळीत परत ३८,४१२ लिहून खोडलंय. त्याच्या पुढच्या ओळीत आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ. आणि तिथून शेवटपर्यंत रेघच, पण तारीख आणि लिटर मात्र एकदाही चुकवलेले नाहीत. शेवटची ओळ ऑक्टोबर २००३.

कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. रेघेच्या पुढे ५८ वेळा पेट्रोल भरलंय, एकूण २,६१४ लिटर. त्यांच्याच सरासरीने लिटरला दहा धरले तर २६ हजारच्या वर. म्हणजे गाडी साधारण साडेचौसष्ट हजार चालली आहे. ९८चे टायर पण बसतात त्यात, आधी मला ते जरा लवकर बदललेले वाटले होते. आणि तो बेल्ट. दीड हजार नव्हे, जवळपास २७,६०० किमी चाललेला. मित्राला वहीच्या पानाचा फोटो पाठवला, यावेळी त्याचा फोन आला.

साडेचौसष्ट मला चालेल. खरं तर ३८पेक्षा बरं, वर्षाला हजारने उभ्या राहिलेल्या गाडीपेक्षा कुणीतरी नियमित चालवलेली गाडी परवडली. मीटर पुढे सरकवून जुळवून टाक असं एकाने सुचवलं, ते करणार नाही. मीटरच्या क्लस्टरच्या आत पट्टी चिकटवली आणि सर्व्हिस बुकात लिहिलं, १९९६ ते २००३ बंद, २०२४ला चालू, विकायची वेळ आली तर हेच दाखवायचं.

८ जून

महिन्याचा हिशोब. चार नंबरचं कॉम्प्रेशन ११.२ झालं, रिंग सुटली. बॅटरीचा ट्रे कापून नवीन वेल्ड केला. मागची काच अजून बाकी. ठक्क अजून आहे, पावसात गाडी उभीच असेल तेव्हा क्लच काढू, तोपर्यंत हळू सोडायचा.

मागच्या महिन्यात काठोकाठ टाकी भरली तेव्हा मीटर ३८,४२० होतं, आज परत भरली, ३८,८३४. ४६ लिटर गेलं. काकांच्या शेवटच्या ओळीखाली एक ओळ सोडून तारीख, लिटर, आकडा लिहिला. भागाकार केला तर ९.०.

त्यांना दहा पडायचे. माझा पाय जड आहे हे मान्य पण एवढा नाही, हवा-पेट्रोलचं मिश्रण रिच जातंय. कूलंटच्या तापमानाचा सेन्सर असेल, तो इंजिन थंड आहे असं सांगत राहिला की कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो. वीस डिग्रीला साधारण अडीच हजार ओहम दाखवायला हवा. शनिवारी सकाळी इंजिन गार असतानाच मल्टिमीटर लावून बघतो.